सुट्टीत एफईएचा क्लास लावू की एसओएम हातानं सोडवू?

परवा खानापूरकडच्या एका पोराचा फोन आला, मेकॅनिकलला आहे, थर्ड सेम नुकताच संपलाय. "दादा, सुट्टीत सॉफ्टवेअरचा क्लास लावू काय, का तेच एसओएम परत करत बसू?" सॉफ्टवेअर म्हणजे एफईए, पार्टवर लोड दिला की कुठं किती वाकतो आणि किती स्ट्रेस येतो हे कॉम्प्युटरवर काढणं; एसओएम म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, तेच वहीवर काढायचा विषय. मी बेळगावला उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचं डिझाइन बघतो त्यामुळं दोन्हीशी रोजचा संबंध, पण फोनवर निम्मंच सांगून झालं, म्हणून बाकीचं इथं लिहून काढतो.

आधी हातानं सोडवण्याचं बघू. एक साधी एमएसची (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पट्टी घे, ५० बाय १० मिमी, एक टोक वाइसमध्ये आवळलंय, ५०० मिमी बाहेर आहे आणि टोकाला १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो टांगलंय. पट्टी आडवी (५० मिमीची बाजू सपाट) असेल तर पी एल क्यूब भागिले तीन ई आय केलं की (पी लोड, एल लांबी, ई मटेरियलचा ताठपणा, आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, आकारामुळं येणारा ताठपणा) टोक बरोबर ५ मिमी खाली येतं (ई २ लाख न्यूटन पर चौरस मिमी धर) आणि मुळाशी बेंडिंग स्ट्रेस ६० एमपीए (दर चौरस मिमीला ६० न्यूटन). आता तीच पट्टी उभी धर. डिफ्लेक्शन (वाकणं) ०.२ मिमी, स्ट्रेस १२. वजन तेच, लोखंड तेच, नुसती फिरवली तर वाकणं २५ पटीनं कमी आणि स्ट्रेस ५ पटीनं कमी, आता एकाला २५ आणि दुसऱ्याला ५ का हे ज्याला आय आणि झेड (सेक्शन मॉड्युलस, स्ट्रेस काढताना लागतो तो) मांडून स्वतःला सापडलं त्याला मोमेंट ऑफ इनर्शिया परत पाठ करावा लागत नाही. तोटा म्हणशील तर कंटाळा येतो, एसएफडी-बीएमडी (शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या) काढून काढून वही भरते, आणि खऱ्या पार्टचा आकार इतका वाकडातिकडा असतो की हातानं पुरं गणित होतच नाही.

सॉफ्टवेअर नेमकं तिथं कामाला येतं. आकार कसलाही दे, उत्तर देतंच. पण चुकीचं इनपुट दिलं तरी देतं, आणि तेही तितक्याच सुंदर रंगात. वरच्याच पट्टीत ई २ लाखाच्या जागी नुसतं २०० टाक, टोक ५ मीटर खाली जाईल. पट्टीच अर्धा मीटरची! पण चित्र ऑटो स्केलवर असतं त्यामुळं वाक दिसायला तसाच दिसतो, आकडा वाचला नाहीस तर कळणारसुद्धा नाही. आतला कोपरा फिलेट (गोलाई) न देता धारदार ठेवलास तर मेश (सॉफ्टवेअर पार्टचे जे बारीक तुकडे करतं ती जाळी) जितकी बारीक करशील तितका तिथला स्ट्रेस वाढतच जातो, आणि पोरं शेवटचा आकडा रिपोर्टात घालून मोकळी होतात.

आता माझीच गोष्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक ग्रे कास्ट आयर्नचा ब्रॅकेट होता, एफजी २०० (ताणात साधारण २०० एमपीए सोसणारा ग्रेड), खाली रिब म्हणजे आधाराची पट्टी. मी लोड खाली दिला, प्रत्यक्षात तो वर येत होता. व्हॉन मायसेसचा (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा) प्लॉट बघितला, रिबच्या टोकाला २०० च्या वर, पण दाबात चालतंय म्हणून पास. गंमत अशी की लोड उलटा केला तरी व्हॉन मायसेसचा रंग न् रंग तोच येतो, कारण त्याला ताण (ओढलं जाणं) आणि दाब यातला फरक दिसतच नाही. कास्ट आयर्नला मात्र दिसतो, दाबात ते ताणाच्या तीन-चार पट सहज सोसतं. मी समजत होतो की रिबचं टोक दाबात आहे, ते होतं ताणात, आणि तिथूनच तडा गेला. मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेस (त्या जागी कुठल्याही दिशेत येणारा सगळ्यात मोठा ताण) लावून बघायला पाहिजे होता, पण तो काढायची आकृती, मोहर सर्कल, मी फक्त १० मार्कांसाठी केलं होतं ना. साहेबांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर माझं मत: तू सेकंड इयरला असशील तर क्लासची फी सध्या खिशातच ठेव. सहा-सात आठवडे हातानं कर, बीम, टॉर्शन (पीळ), मोहर सर्कल एवढं तरी. लेक्चर लागलं तर एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन लेक्चरं) फुकट आहेत, इंग्लिशमध्ये आहेत, मराठी मीडियममधून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) करून आलेल्यांना पहिले आठ दिवस जड जातं, मग सवय होते. त्यानंतर फ्रीकॅड (एफईए करता येणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर) उतरवून घे, तेही फुकट, आणि हीच पट्टी त्यात घालून ५ मिमी येतंय काय बघ. ४ च्याही खाली आलं तर बहुतेक जाडीत एकच साधा एलिमेंट (मेशचा तुकडा) टाकलायस, तो बेंडिंगला उगाच ताठ वागतो. फायनल इयरला असशील आणि प्रोजेक्ट अंगावर आला असेल तर क्लास लाव, तिथं मी नको म्हणणार नाही, नुसतं शिकवणारा बटणं दाखवतो का बाउंड्री कंडिशन (पार्ट कुठं धरलाय, लोड कुठून येतो) समजावतो एवढं पहिल्या दिवशी बघून घे.

त्या पोराला मी एक खडू दोन्ही हातांनी पिळून तोडायला सांगितला होता. काल फोटो आला, बरोबर ४५ अंशात स्प्रिंगसारखा तिरका तुटलाय. आता विचारतोय की लॅबमध्ये एमएसची सळी मशीनवर पिळली तर ती आडवी सपाट का तुटली. म्हटलं वही काढ.