ऑक्स लाइटची पारदर्शक कव्हरं: दगड थोपवतात, धूळ पोसतात

ऑक्स लाइट म्हणजे गाडीच्या पुढे लावलेले जादा दिवे. त्यांच्या डाव्या कव्हरला धरून ठेवणारी खालची कडी तुटली. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सुटी कडी मिळत नाही, पूर्ण जोडी घ्या." नखाएवढ्या नायलॉनच्या तुकड्यासाठी चौदाशे रुपये! सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन सेंटिमीटर रुंद पट्टा कापून ताणून बसवला, काम भागलं. ट्यूबऐवजी सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने कव्हराच्या पॉलिकार्बोनेटवर (दणकट पारदर्शक प्लॅस्टिकवर) पांढरी साय धरते.

बंपरवर ५० वॉटचे दोन चौकोनी एलईडी पॉड (छोटे डबीसारखे दिवे), त्यांवर तीन मिलिमीटर जाडीची कव्हरं.

आधी श्रेय देऊन टाकतो. पुढच्या गाडीच्या टायरखालून उडालेली काळ्या दगडाची खडी या कव्हरांनी निमूट खाल्ली. पांढरे ठिपके पडले, तडा एकही नाही. याच जाडीचं ॲक्रिलिक (ठिसूळ पारदर्शक प्लॅस्टिक) असतं तर तुकडे झाले असते. दगडाच्या परीक्षेत दहापैकी नऊ.

पण कव्हर आणि लेन्स यांच्यामधल्या फटीचं काय? जेमतेम तीन मिलिमीटरची ही फट, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यातच घडतं. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावरची तांबडी धूळ वरून आत शिरते आणि खालच्या काठाशी साचते. गाडी हादरली की कव्हरही लेन्सवर किंचित हलतं आणि मधली रेती सँडपेपरसारखी घासत राहते. कव्हर काढून लेन्स उन्हात तिरकी धरा: खालच्या तिसऱ्या भागात चंद्रकोरीसारखा धुरकट पट्टा दिसेल. तिथला लेन्सवरचा कडक संरक्षक थर गेला की प्रकाश विखुरतो, झोताची धार बोथट होते आणि घाटातल्या धुक्यात समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणजे ज्या लेन्ससाठी कव्हर घेतलं, तिलाच ते खातं.

सोबतच्या कागदात चारही बाजूंनी सीलिंग पट्टी लावायला सांगितलंय. उन्हाळ्यात ते पटतं. पावसाळ्यात हाच उपाय अंगाशी येतो: आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, लाइट तापला की वाफ होते आणि कव्हर आतून घामाघूम. म्हणून ईपीडीएम (रबराच्या) फोमची दहा मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाडीची पट्टी वर आणि दोन्ही बाजूंना लावायची, खाली मधोमध पंधरा मिलिमीटर मोकळं सोडायचं. कव्हर हलायचंही थांबतं.

खरा बंदोबस्त मात्र फिल्मने होतो. गाडीचा रंग वाचवायला लावतात ती पारदर्शक चिकट फिल्म, म्हणजे पीपीएफ, साधारण २०० मायक्रॉनची, थेट लेन्सवर. गॅरेजवाल्याकडे कापून उरलेला तुकडा पुरतो, फुकटही मिळतो. लेन्स धुवायची, पाण्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब घालून फवारायचं, फिल्म बसवून रबरी पट्टीने पाणी मधून बाहेर ढकलायचं. कडेपासून तीन मिलिमीटर आत कापा, नाहीतर कड उचलते. दोन दिवस पाण्याचा फवारा नको. आता रेती घासते ती फिल्मवर, आणि फिल्म बदलता येते.

कव्हराऐवजी लाइटवर लावतात त्या लोखंडी जाळीबद्दलचं मत पावसाळ्याने बदललं. जाळीची सावली झोतात पडते, बोराएवढा दगड आरपार जातो, म्हणून ती शोभेचीच वाटायची. पण चिखलाच्या पाणंदीतून बाहेर आल्यावर जाळीवरून बाटलीभर पाणी ओतलं की लेन्स स्वच्छ. कव्हर मात्र काढा, धुवा, पुसा, बसवा, तेही ट्यूबचा पट्टा ओढत. सध्याची वाटणी अशी: जून ते सप्टेंबर जाळी, पुढे कव्हर, आणि फिल्म बारा महिने.

कव्हर कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, आधी पाण्याने रेती वाहून जाऊ द्यायची. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन वर्ज्य. ब्रॅकेटच्या बोल्टला निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव गोंद) लावणार असाल तर कव्हर आधी काढा. ते द्रव पॉलिकार्बोनेटला लागलं की ताण असलेल्या जागी, म्हणजे नेमक्या कडीच्या भोकाशी, बारीक चिरा पडतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) वापरला तर ही भानगडच नको.

वॉशिंग सेंटरवाल्याला लाइटपासून लांब ठेवा. लाइटचा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा आयपी६७ म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास, प्रेशरचा फवारा नव्हे. त्यासाठी आयपी६९के दर्जा लागतो. ओढा ओलांडायचा असेल तर लाइट आधीच बंद करून थंड होऊ द्या. तापलेला पॉड गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. मागचा श्वासछिद्राचा ठिपका (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारा) सिलिकॉनने बुजवणारे महाभाग आहेत, त्यांच्या लाइटमध्ये धुकं कायम वस्तीला. पॉडच्या मागच्या धातूच्या पात्यांमधला चिखलही खरवडा, एलईडीची उष्णता तिथूनच जाते.

रहदारीच्या रस्त्यावर पारदर्शकऐवजी काळी अपारदर्शक कव्हरं घाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १११ पुढे स्पॉटलाइट लावायला परवानगीशिवाय मनाई करतो. काळ्या कव्हराने लाइट कायदेशीर होत नाही, समोरच्याचे डोळे तेवढे वाचतात. आणि १०० वॉटचे हॅलोजन असतील तर ही कव्हरं घेऊ नका. कव्हर घातलेलं असताना लाइट चालू राहिला तर प्लॅस्टिक मऊ होऊन लेन्सलाच चिकटतं.