मोठी मालिका संपली, आता एचबीओ ठेवू की बंद करू? (दहा महिने वापरल्यानंतर)

केबलचा डबा परत केला, पावती घेतली, तरी पुढच्या बिलात 'डबा परत आला नाही' म्हणून पैसे लागलेच. तीन फोन झाले. तिसऱ्या फोनवर होल्डचं संगीत ऐकता ऐकता हे लिहायला घेतलं, तेव्हा सूर थोडा तिरसट लागला तर सांभाळून घ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटेल.

यात एचबीओचा, म्हणजे वेगळे पैसे भरून बघायच्या या अमेरिकन चॅनलचा, काही दोष नाही. जानेवारी २०२५ मध्ये मी एचबीओ केबलच्या पॅकेजमधून काढून ॲपवर घेतलं, जाहिराती असलेला स्वस्त प्लॅन, महिना ९.९९ डॉलर. सप्टेंबरात केबलच तोडली. ऑक्टोबरअखेर दहा महिने झाले, म्हणजे ९९.९० डॉलर. या काळात आम्ही पाहिलं ते असं: 'द पिट' १५ भाग, 'द व्हाइट लोटस' ८, 'द लास्ट ऑफ अस' ७, 'द गिल्डेड एज' ८, 'टास्क' ७. एकूण ४५ भाग, भागाला साधारण सव्वादोन डॉलर. हा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो म्हणून घरात माझी टिंगल होते, पण परीक्षण लिहायचं तर आकडा हवाच. ॲपचं नाव 'मॅक्स'वरून पुन्हा 'एचबीओ मॅक्स' झालं, चित्र कसं दिसतं, आवाज कसा येतो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. गाजलेली मालिका संपल्यावर हे चॅनल काय करतं? कारण पैसे भरत राहायचे की नाही, हे माझ्या घरी नेहमी त्याच वेळी ठरतं.

१० जून २००७, रविवार. एचबीओच्या गाजलेल्या माफिया मालिकेचा, 'द सोप्रानोज'चा, शेवटचा भाग. नायक टोनी आणि त्याचं कुटुंब रेस्टॉरंटमध्ये बसलंय, कांद्याच्या रिंग्ज आल्यात, दाराची घंटी वाजते, टोनी वर बघतो आणि पडदा काळा. मी उठून टीव्हीच्या मागची वायर हलवली, मग डब्यावर एक थाप मारली, मग केबल कंपनीला फोन लावला. तेवढ्यात नावं यायला लागली. त्या रात्री केबल गेली असं समजणारा मी एकटा नव्हतो, हे दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. ते रेस्टॉरंट खरं आहे, होल्स्टेन्स, ब्लूमफील्डमध्ये, आमच्या एडिसनपासून फार लांब नाही. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. ते टेबल, त्या दोन बाकांसकट, २०२४ मध्ये ऑनलाइन लिलावात ८२,६०० डॉलरला गेलं. बसायच्या बाकाला! असो.

तर पडदा काळा झाला आणि त्याच रात्री, लगेच पुढे, चॅनलने नवी मालिका लावली: 'जॉन फ्रॉम सिनसिनाटी'. कॅलिफोर्नियातले सर्फिंग करणारे लोक आणि कुठून तरी उगवलेला एक गूढ माणूस. लिहिणारा डेव्हिड मिल्च, म्हणजे ज्याची 'डेडवुड' आदल्याच वर्षी ३६ भागांवर तोडली होती तो. चालती गाडी थांबवली आणि त्याच ड्रायव्हरला घोड्यावर बसवलं. दहा भाग झाले, बंद. मी त्यातले चार पाहिले. काय चाललंय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि याच उन्हाळ्यात, १९ जुलैला, एएमसीवर 'मॅड मेन' सुरू झाली. तिचा लेखक मॅथ्यू वायनर हा 'सोप्रानोज'च्याच लेखकांतला. 'मॅड मेन'ची संहिता वाचूनच त्याला तिथे काम मिळालं होतं. म्हणजे पुढची मोठी मालिका यांच्या घरातच, कपाटात पडून होती. यांनी ती केली नाही. शेजाऱ्याने केली, आणि शेजाऱ्याचं चॅनल साध्या केबलमध्ये, वेगळे पैसे न मोजता मिळायचं. एचबीओ पहिल्यांदा बंद केलं ते तेव्हा.

मला वाटायचं हा एकदाचा अपघात असेल. पण मे २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' संपली. शेवटचा भाग त्या रात्री सगळे मार्ग मिळून १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. तिची वारस म्हणून अभिनेत्री नेओमी वॉट्सला घेऊन एक पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, चित्रित झाला होता. ऑक्टोबरात तो गुंडाळला आणि त्याच दिवशी 'हाउस ऑफ द ड्रॅगन' जाहीर केली. २८ मे २०२३ ला 'सक्सेशन' संपली. पुढच्याच रविवारी काय लावलं? 'द आयडल'. सहा भाग ठरले होते, पाचात आवरली, ऑगस्टमध्ये रद्द. वडील गेल्यावर तेराव्याच्या आत दुकानावर नवी पाटी लावायची घाई झालेल्या माणसासारखं हे चॅनल वागतं.

'ड्रॅगन' वाईट नाही. तिच्यावर माझा राग एकाच गोष्टीसाठी आहे आणि तो मी दोन वर्षं उगाळतोय. पहिला सीझन ऑक्टोबर २०२२ मध्ये संपला, दुसरा जून २०२४ मध्ये आला. वीस महिने! दरमहा सोळा डॉलर धरले तर ३२० डॉलर नुसते वाट बघण्याचे. परत आल्यावर भाग आठच. आणि तोवर रेनीरा कोण, रेनीस कोण, रेना कुणाची, एगॉन नक्की कितवा, हे सगळं विसरायला झालं. भाऊबंदकीची आपल्याला सवय आहे, चुलत-मावस आपण झोपेत ओळखतो. पण इथे मला कागदावर वंशावळ काढावी लागली, सातबाऱ्यावर काढतात तशी. तिसरा सीझन २०२६ मध्ये. दिवाळी अंक काढणारी माणसं, पदरचे पैसे घालून, प्रेसवाल्याच्या मागे लागून, दर दिवाळीला अंक हातात देतात. आणि हे लोक ड्रॅगन रंगवायला दोन वर्षं घेतात.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे घरच्यांच्या मते माझं डोकं फिरलंय. 'इन ट्रीटमेंट'.

ही मालिका २८ जानेवारी २००८ ला सुरू झाली, 'सोप्रानोज' गेलेली आणि यांचीच दुसरी मालिका 'द वायर' निरोपाच्या वाटेवर असताना. मूळ इस्रायली, हिब्रू. एक खोली, दोन खुर्च्या, एक सोफा. गेब्रिएल बर्न मानसोपचार करणारा, समोर एक पेशंट. अर्ध्या तासाचा भाग. सोमवार ते शुक्रवार, रोज रात्री, प्रत्येक वारी वेगळा पेशंट आणि शुक्रवारी तो स्वतः आपल्या जुन्या थेरपिस्ट बाईंकडे जाऊन बसणार. पहिल्या सीझनचे ४३ भाग. त्रेचाळीस! घोडे नाहीत, बंदुका नाहीत, समुद्र नाही. मी एचबीओ पुन्हा घेतलं ते हिच्यासाठी, आणि तेव्हाही भागाचा हिशेब केला होता. इतका स्वस्त हिशेब नंतर कधी बसला नाही.

आपल्याला ही गोष्ट नवीन वाटायचं कारण नाही. एक दिवाणखाना, मागे जिना, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, तीन अंक, यावर आपल्या रंगभूमीने पिढ्या काढल्या. तिसरी घंटा झाली की पुढचे अडीच तास माणसं फक्त बोलतात आणि कुणी उठून जात नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये, २०१० च्या शेवटी, इरफान खान आला. सुनील, कोलकात्याचा, गणित शिकवणारा. बायको गेल्यावर ब्रुकलिनमध्ये मुलाकडे राहायला आलेला. मुलगा आणि अमेरिकन सून त्याला थेरपिस्टकडे घेऊन येतात, कारण तो बोलत नाही, नीट खात नाही, खोलीत बसून राहतो. त्याचा भाग सोमवारी असायचा.

तेव्हा माझे बाबा आमच्याकडे होते. आई जाऊन वर्ष झालं होतं, आम्हीच आग्रहाने सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. इंग्रजी मालिका ते बघत नसत, पण इरफान म्हटल्यावर बसले. पहिल्या सोमवारी काही बोलले नाहीत. दुसऱ्या सोमवारी साडेआठलाच खुर्ची ओढून तयार. तिसऱ्या सोमवारी भाग संपल्यावर म्हणाले, "याला काही झालेलं नाही रे. याला परत जायचंय आणि ते मुलाला कसं सांगायचं ते कळत नाहीये." मी म्हटलं, बाबा, ते डॉक्टरला कळलेलं नाही अजून. ते म्हणाले, "डॉक्टरला कसं कळेल?"

मालिका तुम्ही पाहिली नसेल तर शेवट सांगत नाही. पण बाबा फार चुकले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी त्यांचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. बदलायचे दीडशे डॉलर पडले, तेही एक्सेलमध्ये आहेत, एचबीओच्याच रकान्यात.

डोंबिवलीच्या भावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, एचबीओ म्हणजे ते इंग्रजी सिनेमांचं चॅनल ना? त्याच्याकडे तेवढंच होतं, आणि तेही १५ डिसेंबर २०२० ला बंद झालं.

आता या दहा महिन्यांचं. जानेवारीत मी ॲप घेतलं तेव्हा माझं मत उलट होतं, हे कबूल करतो. घरी मी ठासून सांगत होतो की या चॅनलला पुन्हा एक अवाढव्य काहीतरी हवं, रविवारी रात्री नऊ वाजता सगळ्या गल्लीला घरात बसवणारं. त्या अपेक्षेने घेतलं आणि 'द पिट' लावली ती केवळ बायको हॉस्पिटलमध्ये काम करते म्हणून. पिट्सबर्गमधला एक आपत्कालीन विभाग, सकाळी सातची शिफ्ट, पंधरा भाग म्हणजे पंधरा तास. जवळजवळ सगळं एकाच सेटवर. पार्श्वसंगीत नसल्यात जमा. ही माझ्या मध्यमवर्गीय कानाला पहिल्यांदा काटकसर वाटली, नंतर उपकार वाटले. बायको तिसऱ्या भागात म्हणाली, "वेटिंग रूम अशीच असते. आणि चहा असाच गार होतो." तिच्याकडून टीव्हीला मिळालेली ही पहिली पावती.

बातम्यांनुसार 'पिट'चा एक भाग ४० ते ५० लाख डॉलरमध्ये होतो आणि 'ड्रॅगन'चा दोन कोटींच्या आसपास. म्हणजे 'ड्रॅगन'च्या एका भागात 'पिट'चे चार-पाच. सप्टेंबरात सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी पारितोषिक 'पिट'लाच मिळालं. आणि पुढचा सीझन जानेवारी २०२६ मध्ये, वर्षाच्या वर्षाला, पुन्हा पंधरा भाग. हे वाचून मी दिवाळीच्या फराळाला मिळावा तसा आनंद घरभर वाटला, कुणी फारसा घेतला नाही.

गंमत अशी की 'पिट' मुळात चॅनलची नाहीच. ती ॲपसाठी केलेली. चॅनलवर रविवारी येणाऱ्या भारदस्त गोष्टींच्या पंगतीत तिला पाटच नव्हता. ज्याला पाट नव्हता त्यानेच वर्षाचं पक्वान्न वाढलं.

इथपर्यंत लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू 'चेर्नोबिल' विसरलास. खरं आहे. तो खोलीतला खेळ नव्हता, स्वस्त तर मुळीच नव्हता. पण ६ मे २०१९ ला, 'थ्रोन्स' अजून चालू असतानाच, सुरू झाली, पाच भागांत संपली आणि पुढचा सीझन नावाची भीक मागितली नाही. 'थ्रोन्स'चा शेवट नावडलेले लोक पंधरवड्यात तिच्याबद्दल बोलायला लागले होते. तेव्हा माझं म्हणणं थोडं दुरुस्त करतो: खोली एकच पाहिजे असं नाही, पण गोष्टीला भिंती पाहिजेत. कुठे सुरू होते, कुठे संपते, हे बनवणाऱ्याला आधी माहीत पाहिजे.

'व्हाइट लोटस'ची सुरुवातही अशीच झाली. करोनाचे दिवस, बाहेर चित्रीकरण अशक्य, म्हणून हवाईतल्या एका हॉटेलात सगळ्यांना कोंडून सहा भाग केले. तो पहिला सीझन अजूनही सर्वांत चांगला. मग सिसिली, मग थायलंड, आणि यंदाचे आठ भाग बघताना मला मधूनमधून पर्यटन खात्याची जाहिरात लागल्यासारखं झालं. (जाहिरातवाला प्लॅन असल्यामुळे काही वेळा ती खरंच जाहिरात होती.)

'टास्क' चांगली आहे, उदास आहे, रात्री जेवून बघू नका.

मला विचाराल तर एचबीओने आता पुढच्या 'थ्रोन्स'चा नाद सोडून 'इन ट्रीटमेंट'चं ते वेळापत्रक परत आणावं. २०२१ मध्ये एक सीझन परत केला होता, उझो अडुबाला घेऊन, मग पुन्हा गप्प. रोज रात्री अर्धा तास. डॉक्टर नको असेल तर न्यूअर्कच्या इमिग्रेशन वकिलाचं ऑफिस घ्या, टर्नपाइक हायवेवरचं टो-ट्रकचं गॅरेज घ्या, म्हाताऱ्यांच्या डे-केअरमधलं कॅरमचं टेबल घ्या. खुर्च्या दोन पुरतील. एका ड्रॅगनच्या खर्चात अख्खं वर्ष निघेल आणि त्यातलं एखादं लागलं तर लागलं. 'द वायर'ला तरी कुठे प्रेक्षक होते? पण ठेवली, पाच सीझन, साठ भाग.

जाहिरातवाला प्लॅन ऑक्टोबर २०२५ मध्ये १०.९९ झाला. मी नोव्हेंबर-डिसेंबर बंद ठेवून ८ जानेवारीला 'पिट'साठी चालू करणार. दोन महिन्यांचे २१.९८ वाचतील.

डब्याचे पैसे अजून परत आलेले नाहीत. चौथा फोन सोमवारी.