बॅकयार्डातल्या बॉगमध्ये काय लावावं? न्यू जर्सीची थंडी धरून केलेली तुलना

न्यू जर्सीत घरामागे बॉग गार्डन, म्हणजे कीटकभक्षी झाडांची दलदलीसारखी ओली बाग, करायचं मनात असेल, तर झाडं निवडताना जुलैतले फोटो बाजूला ठेवा आणि जानेवारी डोळ्यासमोर आणा. एडिसन-प्लेन्सबरोचा पट्टा अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीनुसार विभाग पाडलेल्या नकाशात झोन 7ए मध्ये येतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गार रात्री पारा साधारण उणे 15 ते 18 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. कीटकभक्षी झाडांपैकी काही हे सहज सोसतात, काहींना पांघरूण लागतं. (घटपर्णी म्हटलं की आपल्याला मेघालयातली वेल आठवते. तिचा इथे विचारच नको.)

माझी पहिली पसंती जांभळ्या पिचर प्लांटला, म्हणजे सारासेनिया पर्प्युरियाला. हे झाड इथलंच. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या वाळूच्या जमिनीवरच्या पाइनच्या जंगलात ते रानात वाढतं आणि उत्तरेला थेट कॅनडापर्यंत सापडतं. तिथल्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर प्रांताचं तर ते प्रांतपुष्प आहे. झाड बुटकं, जमिनीलगत पसरणारं. त्याची कीटक पकडणारी पानं कलशासारखी असतात. कलशाचं तोंड उघडं असल्यामुळे पावसाचं पाणी सरळ आत साठतं. हिवाळ्यात ते गोठतं, तरी झाड तगून राहतं. बर्फाखालीही कलश टिकतात आणि थंडीत गडद लाल होतात. साठलेल्या पाण्यात डास होतील ही शंका रास्त आहे. वायओमिया स्मिथाय नावाच्या डासाच्या अळ्या या कलशांत खरोखरच वाढतात, पण उत्तरेकडचे हे डास माणसाला चावत नाहीत. विकत घेताना पोटजात मात्र जरूर विचारा. उत्तरेकडची ‘पर्प्युरिया’च हवी, दक्षिणेकडची ‘व्हेनोसा’ तितकी काटक नसते.

पिवळा पिचर प्लांट, सारासेनिया फ्लाव्हा, दिसायला जास्त रुबाबदार. दोन-तीन फूट उंच कलश, वसंतात लोंबती पिवळी फुलं. पण त्याचं मूळ घर व्हर्जिनिया ते फ्लोरिडा. हिवाळ्यात कलश वाळतात आणि जीव राहतो तो आडव्या खोडात. त्यावर पाइनच्या सुयांचा चार इंच थर घाला. बर्फ पडला तर उलट ऊब राहते; बर्फ नसताना सुटणारा कोरडा, गार वारा जास्त घातक. पांढऱ्या कलशांची सारासेनिया ल्युकोफिला मी मागे ठेवेन, कारण तिचे सर्वांत देखणे कलश उन्हाळ्याच्या अखेरीस येतात आणि इथे लवकरच हिमतुषार पडू लागतं.

पान मिटून कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचा मुलं हट्ट धरतील. तो फक्त नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या आसपास आणि लगतच्या साउथ कॅरोलायनात रानात उगवतो. झोन 7 मध्ये पांघरुणाखाली निभतो, त्याहून गार झोन 6 मध्ये तो जुगार ठरतो. घ्यायचाच तर नर्सरीत वाढवलेला घ्या. रानातून उपटून होणारी चोरी इतकी बोकाळली की नॉर्थ कॅरोलायनाने 2014 मध्ये कायदा करून तिला गंभीर गुन्हा ठरवलं.

ड्रोसेरा फिलिफॉर्मिसकडे मात्र लोक उगीच दुर्लक्ष करतात. कासच्या पठारावरच्या दवबिंदूचं हे भाऊबंद, पाइन बॅरन्समधलं. दोऱ्यासारखी उभी पानं, त्यांवर चिकट थेंब आणि गुलाबी फुलं. कासचं ड्रोसेरा इंडिका बी टाकून मरतं; हे हिवाळ्यात घट्ट कळी होऊन थांबतं आणि वसंतात पुन्हा उलगडतं. शिवाय बी पडून आपोआप पसरतं.

काहीही निवडलंत तरी माती एकच: पीट मॉस आणि धुतलेली सिलिका वाळू. खाली तळ्याचं लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जाड प्लास्टिक. कंपोस्ट नाही, खत नाही. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार हळूहळू मुळं मारतात. पाणी साचणारा चिकणमातीचा कोपरा आहे एवढ्यावर भागत नाही.

पहिल्या वर्षी तीन-चार पर्प्युरिया आणि सोबत फिलिफॉर्मिस एवढंच लावा. ती रुळली की फ्लाव्हा आणा. फ्लायट्रॅप कुंडीत ठेवा, म्हणजे कडाक्याच्या आठवड्यात हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये सरकवता येईल. घरात उबेला नको, त्याला हिवाळ्याची तीन-चार महिन्यांची झोप लागतेच. शिकागोसारख्या आणखी गार भागात असाल तर फ्लायट्रॅप जमिनीत लावूच नका. लागवड एप्रिल-मेमध्ये करा. ऑक्टोबरात लावलेल्या झाडाला गोठण्याआधी मुळं धरायला पुरेसा वेळ मिळत नाही.