'मरीन' बॅटरी, साडेनऊ हजारांत

आमचे दाजी उजनीच्या कडेला राहतात, करमाळा तालुक्यात, वाशिंबे-केत्तूरच्या बाजूला. मासेमारी घरचाच धंदा. धरण प्लसमध्ये असलं की पाणी दाराशी येतं आणि मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं की होडीपर्यंत जायलाच चिखल तुडवावा लागतो, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. वल्हं मारून मारून खांदा गेला तेव्हा दाजींनी होडीला लावायची बारा व्होल्टची छोटी इलेक्ट्रिक मोटर घेतली. मोटर चांगली निघाली. बॅटरी आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी सोलापुरात राहतो आणि आयटीआय केलेला मेव्हणा म्हणून घरात माझी पत आहे. होती.

चांगल्या कंपनीची दीडशे एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात तसली बॅटरी, तेव्हा चौदा-पंधरा हजारांना सांगत होते. शहरातल्याच एका दुकानात साडेनऊला मिळाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हातात बिल नाही. ते का नाही, ते पुढं येईलच.

दुकानदार एकही गोष्ट धडधडीत खोटी बोलला नाही, आणि मी फसलो तो तिथंच. तो म्हणाला, "मालक, इन्व्हर्टरची उंच बॅटरी होडीत कलंडते. बुटकी घ्या." खरंय, वजन जितकं तळाशी तितकी होडी स्थिर. मग म्हणाला, "दीडशे भागिले पंचवीस. पंचवीस अँपिअर ओढलं तरी सहा तास." गणित बरोबर. बॅटरीवर मल्टिमीटर लावून दाखवला, १२.७. तेही पूर्ण चार्जचंच व्होल्टेज. स्टिकरवर ट्युब्युलर, १५० एएच आणि खाली मोठ्या निळ्या अक्षरांत 'मरीन'. सोलापुरात समुद्रासाठीची बॅटरी कुठून आली, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. उलट मी खूश झालो.

बिल मागितलं तर म्हणाला, बिलावर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागेल (तेव्हा तेवढा होता), कशाला? वॉरंटी कार्ड देतो. कार्ड दिलं. त्यावर तारीख नव्हती, शिक्का नव्हता, सिरीयल नंबरची जागा कोरी. "लागलं तर या की, मी कुठं पळतोय!" पळाला नाही हे खरं. अजून तिथंच आहे.

पहिले आठ-दहा दिवस दाजी जवळच्या जवळ जाळी टाकत होते, काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी लांबची जाळी काढायला गेले आणि पाऊण तासात मोटर घरघरून बंद पडली. पश्चिमेचा वारा सुटलेला. वल्हं होडीतच ठेवायची सवय होती म्हणून निभावलं. परत यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा जण गेले, तेव्हापासून आमची ताई वारं सुटलं की काठावर जाऊन उभी राहते. तिचा मला फोन आला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाली, "तू बघून घेतली होतीस ना रे?"

दुसऱ्या दिवशी बॅटरी पिकअपमधून सोलापुरात आणली. दुकानदारानं झाकणं उघडली, हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी मोजायची नळी) बुडवला आणि तोंड वाकडं केलं. "ग्रॅव्हिटी पडलीय. ॲसिड कमी झालंय." कॅनमधनं सहाही खणांत ॲसिड ओतलं, रात्रभर चार्जिंगला लावली, साडेसातशे रुपये घेतले. सकाळी हायड्रोमीटर १२९० दाखवत होता. "बघा, नव्यापेक्षा भारी!"

ही फसवणूक पहिल्यापेक्षा वाईट. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्यात ॲसिड किती आहे एवढंच. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड प्लेटांत शिरून तिथं सल्फेट होऊन बसतं, चार्ज केली की परत पाण्यात येतं. म्हणून ग्रॅव्हिटीवरून चार्ज कळतो. पण वरून ॲसिड ओतलंत तर मेलेल्या बॅटरीचीही ग्रॅव्हिटी चढते. चार्ज वाढत नाही, प्लेटा मात्र लवकर खाल्ल्या जातात. चालू बॅटरीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. ॲसिड, सांडल्याशिवाय, कुठं जात नाही. त्यामुळं वर टाकायचं ते डिस्टिल वॉटरच. पूर्ण चार्ज ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी साधारण १२४० असते आणि बहुतेक बॅटऱ्यांवर छापलेलीही असते. १२९० बघून मी खूश व्हायला नको होतं, दचकायला हवं होतं.

चार दिवसांत पुन्हा तेच. या वेळी वर्कशॉपमधला एक जुना मित्र बरोबर घेऊन मी गावालाच गेलो. मीटर लावला, १२.६. दाजींनी मोटर चालू केली आणि आकडा आमच्या डोळ्यांदेखत दहाच्या खाली आला. मोटर बंद केली की परत वर. नुसतं व्होल्टेज दाखवणं म्हणजे पेशंटला खुर्चीत बसवून तब्येत ठणठणीत म्हणण्यासारखं आहे. जिना चढायला लावला की कळतं. मित्रानं पोलांवर, म्हणजे वायर जोडायच्या शिशाच्या खुंट्यांवर, बोट फिरवलं. वरून चकाकत होते, पण कडेला क्लॅम्प आवळल्याच्या खाचा होत्या, चाकूनं तासून पुसट केलेल्या. होडीतल्या पाण्यानं 'मरीन' स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. तो नखानं ओढला तर खाली दुसऱ्या, काढून टाकलेल्या स्टिकरचा चौकोन, आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेले चार आकडे. ट्रकवाले बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून गाडीचा नंबर लिहितात ना, तो.

दाजी म्हणाले, "म्हंजी पाव्हणं, ट्रक पाण्यात घातला व्हय आपण?"

ट्रकची बॅटरी वाईट नसते, काम वेगळं असतं. तिच्यात पातळ प्लेटा दाटीनं बसवलेल्या असतात. स्टार्टर फिरवायला काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरनं, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रानं, भरून घ्यायचं. ती रोज खाली उतरवली की प्लेटांवरचा शिशाचा मसाला झडून तळाला बसतो. ट्युब्युलरमध्ये तो मसाला विणलेल्या कापडी नळ्यांत गच्च भरलेला असतो, म्हणून झडत नाही. चादरींच्या गावात राहून विणलेल्या कापडाचं महत्त्व मला होडीत बसून कळलं!

आणि ते सहा तासांचं गणित. बॅटरीवर एएचशेजारी बारीक अक्षरात सी-२० लिहिलेलं असतं. म्हणजे वीस तासांत सावकाश काढले तर दीडशे, ताशी साडेसात अँपिअरनं. पंचवीसनं ओढलंत तर अस्सल, कोरी बॅटरीसुद्धा पुरे सहा तास देत नाही. शिवाय टिकवायची असेल तर निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे थांबवून मोजलेलं व्होल्टेज १२.२ च्या आसपास आलं की काठाकडं वळायचं. हाताशी अडीच-तीन तास धरा.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं होतं काय? कोरं कार्ड, आणि दोन हजारांचं यूपीआय, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुठल्या तरी पोराच्या नावावर. बाकी सगळे रोख. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: होडीत वापरली, पाणी लागलं, वॉरंटी संपली. हे मात्र नवी बॅटरी घेताना अस्सल कार्डावरही बघून घ्या. इन्व्हर्टरसाठी दिलेली बॅटरी दुसऱ्या कामाला लावली तर वॉरंटी बाद, असं बऱ्याच कार्डांवर असतं. दुकानात स्पष्ट सांगा होडीला लावणार आहे, आणि तो जे म्हणेल ते बिलावर लिहून मागा.

नवी घेतली तेव्हा मी दुकानात वजनकाटा मागितला. लोक हसले, हसू देत. शिशाला वजन असतं, ते स्टिकरनं वाढत नाही. दीडशेची ट्युब्युलर पाण्यासकट पन्नास किलोच्या वर भरते, दोघांनी उचलावी लागते. ती पहिली मी एकट्यानं पिकअपमध्ये ठेवली होती आणि वर म्हणालो होतो, हलकी आहे, होडीला बरी! पोलांवर खाचा नाहीत हे बघितलं. डब्यावर ठोकलेला सिरीयल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवला. आणि लोड लावून मीटर बघितला.

दाजी आता ती प्लॅस्टिकच्या पेटीत, पट्ट्यानं होडीच्या मधोमध आवळून ठेवतात. वायरीत फ्यूज आहे. काठावर आले की जाळं झाडायच्या आधी चार्जिंगला, रात्रभर उतरलेली ठेवायची नाही. चार्जर पंधरा अँपिअरचा, म्हणजे एएचचा दहावा हिस्सा. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो म्हणून खोलीची खिडकी उघडी आणि बिडी बाहेर. दाजींना सगळ्यात जड गेलं ते हेच. पाणी दर पंधरवड्याला बघतात, उन्हाळ्यात आठवड्याला, कारण आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात ते फार लवकर उतरतं. चार्ज पूर्ण झाल्यावर खुणेपर्यंत भरायचं. बोअरचं पाणी अजिबात नाही.

जुनी भंगारात घातली. काट्यावर बत्तीस किलो भरली. भंगारवाल्यानं पैसे मोजून दिले, बॅटरी फिरवून बघितली आणि सुटलेला कोपरा अंगठ्यानं परत चिकटवायला लागला. "स्टिकर ऱ्हाऊ दे मालक, त्याचे वेगळे शंभर देतो."

मी ते तिथंच ओरबाडून काढलं.