लाइटमन व्हायचंय: मालिकेचा सेट की नाटक?

आयटीआयचं वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र हातात आहे आणि लाइटच्या कामाची ओढ आहे, तर मुंबई-ठाण्यात दोन दारं समोर दिसतात. एक गोरेगावच्या चित्रनगरीचं, दुसरं दादरच्या शिवाजी मंदिर किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहाचं.

सेटवर बहुतेक मुलं लाइटचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडून शिरतात. सुरुवातीचा काळ स्टँड, केबल, थर्माकोल आणि एचएमआय या प्रखर दिव्यांचे जड बॅलास्ट (त्यांना वीज नियंत्रित करून देणारे डबे) उचलण्यातच जातो. शिफ्ट बारा तासांची, अनेकदा त्याहून लांबते. हुकूम कॅमेरामनकडून गॅफरकडे, म्हणजे लाइटवाल्यांच्या प्रमुखाकडे, आणि गॅफरकडून तुमच्याकडे येतो: बेबी (छोटा दिवा) जरा खाली झुकव, कटर (उजेड अडवणारी काळी पाटी) लाव, ट्रेसिंग (उजेड मऊ करणारा कागद) टाक. नुसतं ऐकून हात चालवलात तर दहा वर्षांनीही तिथेच असाल. 'असं का?' हे स्वतःला विचारत राहिलात तर हीच शाळा आहे. खिडकीबाहेर एचएमआय का ठेवला? कारण त्याचा रंग दुपारच्या उन्हाजवळचा, साधारण 5600 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). आतला टंगस्टन, म्हणजे तारेचा दिवा, 3200 चा, पिवळसर. दोन्ही एका फ्रेममध्ये आले की जेल (रंग बदलणारा पारदर्शक कागद) कुठल्या दिव्यावर चढवायची, हे ज्याला न सांगता कळतं तो पुढे गॅफर होतो. एलईडीमुळे आता रंग बटणावर बदलतो, म्हणून डीएमएक्स कन्सोल, म्हणजे सगळे दिवे एका जागेवरून चालवायचं यंत्र, हाताळता येणं फार उपयोगी पडतं.

नाटकात माणसं मोजकी, त्यामुळे कन्सोलवर लवकर बसायला मिळतं. आणि तिथलं काम मला मनापासून सुंदर वाटतं. समजा, एका वाक्यावर आठ सेकंदांत घरातला उजेड उतरवून मागच्या खिडकीत संध्याकाळ आणायची आहे. आज नटाने त्या वाक्याआधी श्वास लांबवला, तर तुमचं बोट फेडरवर (उजेड कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) थांबलंच पाहिजे. रीटेक नाही. प्रत्येक प्रयोगाला तो क्षण नव्याने साधावा लागतो, आणि उजेड काळात कसा वाहतो हे असं दुसरीकडे क्वचितच शिकता येतं. दौऱ्यावर मात्र नाट्यगृह रोज वेगळं, डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रणा) वेगळे, दिवे टांगायचे बार वेगळ्या उंचीवर, आणि पडदा उघडायच्या आत सगळं फोकस करून हवं.

पैशाचा हिशेब नाटकाच्या बाजूने नाही. मानधन 'नाईट'वर, म्हणजे प्रयोगागणिक, प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी, परीक्षांच्या दिवसांत आणखी कमी. मालिका चालू असेतो सेटवर रोज काम असतं, पण पैसे दोन-तीन महिने अडकल्याच्या तक्रारीही या धंद्यात जुन्या आहेत. म्हणून आपल्या कामाच्या युनियनचं कार्ड कसं मिळतं ते आधीच विचारून घ्या, आणि शिफ्टची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

जोखीम दोन्हीकडे आहे, सेटवर जास्त. तिथे छतालगतच्या फळ्यांवर चढून काम करावं लागतं, पावसात जनरेटरच्या केबल ओल्या जमिनीवरून जातात. उंचीवर सुरक्षा-पट्टा न देणाऱ्या, अर्थिंगचं विचारलं की हसणाऱ्या माणसाकडे काम धरू नका, कितीही गरज असली तरी.

घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर सेट धरा. दोन-तीन वर्षं घरचा आधार असेल आणि पुढे प्रकाशयोजनाकार व्हायचं असेल, तर मी आधी नाटकच सांगेन. नाटकातून सेटवर जाणं तुलनेने सोपं, कारण नजर तयार झालेली असते. उलट्या दिशेने येताना रोजची मिळकत सोडावी लागते, आणि लग्न, भाड्याची खोली झाल्यावर ते फार थोड्यांना जमतं.