सबसोनेक्स: 20 किलोच्या जेट इंजिनावर उडणारं घरगुती विमान

मुलगा शिकागोला असतो, म्हणून जुलैअखेरचा अमेरिकेतल्या ऑशकॉशचा विमानमेळा बघायला मिळाला. कलिन्याच्या विमान-इंजिन शॉपमध्ये 31 वर्षं काढली, पण एकट्या माणसाने उचलावं एवढं जेट इंजिन खऱ्या विमानावर पहिल्यांदाच पाहिलं. विमान ऑशकॉशच्याच सोनेक्स कंपनीचं सबसोनेक्स: एकच सीट, पंखांची लांबी 18 फूट, किट घेऊन स्वतः जोडायचं. इंजिन चेक प्रजासत्ताकातल्या पीबीएसचं टीजे100.

इंजिन पायलटच्या मागे, विमानाच्या पाठीवर आहे. शेपूट व्ही आकाराची, त्यामुळे गरम झोत मधून मोकळा निघून जातो. ही मांडणी मला फार आवडली. आत हवा बाहेरच्या बाजूला फेकून दाबणारा एक सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर, गरम वायूने फिरणारं एक टर्बाइन, दोन्ही एकाच शाफ्टवर. एवढंच. स्वस्त इंजिन करायचं तर भाग कमी करावे लागतात, आणि ते इथे मनापासून केलंय. मोठ्या टर्बोप्रॉपला (प्रोपेलर फिरवणाऱ्या टर्बाइन इंजिनाला) लाखो डॉलर मोजावे लागतात. त्या मानाने हे हौशी माणसाच्या आवाक्यात येतं.

पण तहान! टाकी 40 गॅलनची, म्हणजे साधारण 150 लिटर. पूर्ण थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) लावून ठेवला तर ती तासाभराची सोबत. यात कारागिरीचा दोष नाही. ब्लेडचं टोक आणि केसिंग (भोवतीचं कवच) यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. आमच्या शॉपमधल्या हातभर फॅन ब्लेडला अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. इथलं टर्बाइन ब्लेड बोटाच्या पेराएवढं; तेवढ्याच फटीतून केवढा तरी वायू काम न करताच निसटतो. इंजिन लहान केलं म्हणून फट त्याच प्रमाणात लहान होत नाही.

म्हणून प्रवासासाठी हे घेऊ नका. त्यासाठी फ्रान्सच्या टर्बोटेकचं टीपी-आर90 बघा: 90 किलोवॉटचं, प्रोपेलर फिरवणारं. एक्झॉस्टची उष्णता हीट एक्स्चेंजरने परत कॉम्प्रेसरच्या हवेला देतात, त्यामुळे इंधन वाचतं. लहान टर्बाइनचा खरा रस्ता मला तोच वाटतो.

शनिवारी सकाळी अर्धा तास जेट उडवायचं असेल, तर मात्र सबसोनेक्स जरूर घ्या. अमेरिकेत नुसतं पायलटचं लायसन्स पुरत नाही, या विमानासाठी एफएएची (तिथल्या विमान वाहतूक नियामकाची) वेगळी परवानगी लागते. त्यासाठीचं प्रशिक्षण आधी उरका, किट नंतर मागवा.