पहिला पुल सगळेच दाखवतात, पाचव्याचं बोला: हीट एक्स्चेंजर किट आणि ट्यूनचा रिव्ह्यू

किट लावून आठ महिने झाले, अख्खा उन्हाळा काढला, सहा वेळा ट्रॅकवर जाऊन आलो, तेव्हा कुठे लिहायला बसलोय. आधी लिहिलं असतं तर पहिल्या आठवड्यात नुसत्या शिव्या आणि तिसऱ्या आठवड्यात नुसतं कौतुक झालं असतं, आणि दोन्ही चुकीचं.

गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, व्ही-एट, इंजिनाच्या डोक्यावर ट्विन स्क्रू सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंप, आणि त्याच्या पोटात ती दाबलेली हवा गार करणारा, पाण्यावर चालणारा इंटरकूलर. ते पाणी गार होतं गाडीच्या पुढच्या हीट एक्स्चेंजरमध्ये. मॉडेलचं नाव देत नाही, नाव दिलं की मुद्दा राहतो बाजूला आणि कोणती कंपनी भारी यावर भांडण सुरू होतं. आणि खरं तर हा त्रास एका मॉडेलचा नाहीच, सुपरचार्जरवाली कुठलीही गाडी जोरात हाणली की थोड्याफार फरकाने हेच होतं.

तर होत काय होतं, गार सकाळी गाडी अक्षरशः राक्षस, आणि तिसऱ्या लॅपला तीच गाडी मरगळलेली. पेडल पूर्ण दाबलेलं, आवाज तोच, गेजवर बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, जवळपास तेवढाच, पण पाठीत बसणारा तो धक्का गायब. मला आधी वाटलं माझ्याच मनाचे खेळ आहेत, मग इंजिनाचे आकडे नोंदवणारा लॉगर लावला आणि लागोपाठ पाच पुल मारले, पुल म्हणजे पेडल पूर्ण दाबून मारलेली एक दौड. इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान, म्हणजे आयएटी टू, पहिल्या पुलला ४७ डिग्री आणि पाचव्याला ८३. टायमिंग, म्हणजे ठिणगी किती डिग्री आधी पडते ते, १८ वरून ११ वर. चाकांवरची पॉवर डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या रोलरवर, ५६१ वरून ४८०. म्हणजे ऐंशी हॉर्सपॉवर पाच पुलमध्ये हवेत विरघळली आणि डॅशबोर्डवर एक दिवासुद्धा लागला नाही!

बूस्ट गेज इथे चक्क फसवतं. गेज दाब दाखवतं, हवा किती आली ते नाही दाखवत, आणि गरम हवा पण दाब देतेच की. ३० डिग्रीची हवा १.६ पट दाबली तर अगदी आदर्श परिस्थितीत ती ७३-७४ डिग्रीला जाते, पण सुपरचार्जर काही आदर्श नसतो, ६५ टक्के एफिशिएन्सी धरली तर आकडा सरळ ९७ च्या आसपास. ती इंटरकूलरने गार करायची. तोच दाब ठेवून हवा ४० ऐवजी ८० डिग्रीला सिलिंडरमध्ये गेली तर वजनात ती साधारण ११ टक्के कमी भरते, आणि वरून गरम हवेने नॉक व्हायला लागतं, म्हणजे इंधन नको तेव्हा आपोआप पेटतं, म्हणून ईसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेतो, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आता यातली उष्णता किती ते बघा, कारण किट घ्यायचं की नाही हे मी इथेच ठरवलं. साडेसहाशेच्या आसपास हॉर्सपॉवरचं इंजिन फुल थ्रॉटलला सेकंदाला ढोबळमानाने अर्धा किलो हवा ओढतं. ती ६० डिग्रीने गार करायची म्हणजे ३० किलोवॉट उष्णता काढायची, दोन किलोवॉटचे पंधरा रूम हीटर एकदम चालू केल्यासारखं. आणि माझ्या स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलेल्या सिस्टिममध्ये पाणी किती, तर जेमतेम पाच लिटर. पुढच्या एक्स्चेंजरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही असं धरलं तर हे पाच लिटर दर सेकंदाला जवळजवळ दीड डिग्रीने तापतं, दहा सेकंदांच्या पुलमध्ये १४ डिग्री. नंतर ते गार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही पुढचा पुल मारलेला असतो. हीट सोक म्हणतात तो हाच.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचंच दुखणं नाही बरं का. २०१५ च्या ६५० हॉर्सपॉवरच्या कॉर्व्हेट झेड०६ बद्दल ट्रॅकवर तापण्याच्या तक्रारी आल्या आणि २०१७ च्या मॉडेलला मोठ्या व्हेंटचं बॉनेट आणि सुपरचार्जरचं बदललेलं कव्हर आलं. २०१९ ची झेडआर१, ७५५ हॉर्सपॉवर, तिच्यात तर एकूण १३ हीट एक्स्चेंजर. २०१८ च्या डॉज डेमनने अजून पुढची उडी मारली, एसीचा गॅस वापरून इंटरकूलरचं पाणीच गार करायचं. कंपन्यांना एवढी खटपट करावी लागते तर आपण नुसता लॅपटॉप लावून ऐंशी हॉर्सपॉवर परत आणू असं कुणी म्हणत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार.

आता किट. आत काय आहे तर स्टॉकच्या जवळपास दुप्पट जाडीचा हीट एक्स्चेंजर, मोठा इलेक्ट्रिक पंप, चार लिटरची जादा टाकी, होस आणि ब्रॅकेट. एक्स्चेंजरचं काम बघून जीव खूश झाला, वेल्डिंग सुंदर, फिन कुठे वाकलेले नाहीत. ब्रॅकेट मात्र कुणीतरी झोपेत ड्रिल केलेत, दोन भोकं जुळेनात, कानस मारावी लागली. माहितीपत्रकात लिहिलंय एका दुपारचं काम, मला अख्खे दोन दिवस लागले आणि मी बंपर पहिल्यांदा उतरवत नव्हतो.

लावून झालं, पाणी भरलं, पंप चालू, मोठ्या उत्साहात पहिला पुल मारला तर आयएटी ७१! स्टॉकला ४७ होतं राव. पैसे खर्च करून आगीतून फुफाट्यात. डोकं लावल्यावर कळलं की सिस्टिममध्ये हवा अडकलीय, इंटरकूलर सगळ्यात उंचावर असल्यामुळे हवा तिथेच जाऊन बसते, पंप फिरतोय, आवाज येतोय आणि पाणी मात्र जागचं हलत नाही. टाकीचं झाकण उघडून बघितलं तर आत पाण्याला हालचालच नाही. शेवटी व्हॅक्यूमने हवा काढून पाणी भरायचं साधन मित्राकडून आणलं, वीस मिनिटांत काम झालं. ही एक ओळ माहितीपत्रकात घालायला कंपनीला काय जड जात होतं? किटचा अर्धा स्टार मी याच्यासाठी कापलाय.

त्यानंतर मात्र पठ्ठ्याने काम दाखवलं. पहिला पुल ४४, पाचवा ५९. पुलच्या मध्ये पाणी किती पटकन परत खाली येतं ते लॉगमध्ये बघायला मजा येते. जादा टाकीबद्दल एक सांगतो, ती फक्त वेळ विकत घेते. नऊ लिटर पाणी तापायला पाचपेक्षा जास्त वेळ लागतो एवढंच, वीस मिनिटांच्या ट्रॅक सेशनमध्ये शेवटी एक्स्चेंजरच्या जाळीतून उष्णता किती बाहेर जाते यावरच सगळं ठरतं. टाकीत बर्फ टाकायची आयडिया पण तशीच, किलोभर बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो, तीस किलोवॉटला भागा, अकरा सेकंद. ड्रॅगवाल्यांना, म्हणजे काही सेकंदांची सरळ शर्यत मारणाऱ्यांना, सोन्यासारखा, ट्रॅकवाल्यांना शून्य उपयोग. आणि ते 'पाणी फार जोरात फिरलं तर त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही' हे जे सगळीकडे ऐकायला मिळतं ना, ते सोडून द्या, बंद चक्रात पाणी जोरात फिरलं की उष्णता जास्तच निघते.

तोटा पण आहे. जाड एक्स्चेंजर रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे इंजिनच्या रेडिएटरला हवा कमी आणि तीसुद्धा तापलेली मिळते, माझं कूलंट ट्रॅकवर चार डिग्रीने वाढलं. कडेच्या फटींमधून हवा पळून जात होती, तिथे फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यातले दोन डिग्री परत मिळाले. पट्ट्या किटमध्ये नाहीत, असायला हव्या होत्या.

आता ट्यून, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगची फाइल, आणि इथे माझी जीभ थोडी सुटणार. पहिल्या ट्यूनरकडे गेलो, नाव घेत नाही, मोठं दुकान, भिंतभर डायनो शीट. त्याने बॉनेट उघडं ठेवलं, समोर माणसाएवढा पंखा, गाडी गार होईपर्यंत थांबला, एक पुल मारला आणि ६२२ चा कागद हातात. कागदावर करेक्शन, म्हणजे ठरावीक हवामान धरून आकडा बदलून घेणं, होतं एसटीडी. हे एसटीडी म्हणजे १५.५ डिग्रीची हवा धरून केलेला हिशोब, एसएई वाला २५ डिग्री धरतो, दोन्हीत साधारण चार टक्के फरक पडतो, म्हणजे पंचवीसेक हॉर्सपॉवर नुसत्या एका क्लिकने. माझे सगळे आकडे एसएईचे होते, त्याच्याकडून तसाच कागद मागितला तर आला ५९८.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. ट्रॅकवर लॉग काढला तर चौथ्या पुलपासून नॉक दिसायला लागला, सहा-सहा डिग्री टायमिंग झटक्यात मागे, मग पुढे, परत मागे. एका जाणकार मित्राने फाइल उघडून बघितली, तर आयएटीप्रमाणे टायमिंग कमी करणारा टेबल अख्खा शून्य! म्हणजे हवा कितीही तापू दे, इंजिनाला सांगायचंच नाही, नॉक झाल्यावर सेन्सर बघून घेईल. वरातीमागून घोडं. फोन केला तर म्हणे, "अहो साहेब, तुमचा सेन्सर जरा जास्तच सेन्सिटिव्ह आहे, काही होत नाही. छोटी पुली टाकून घ्या, अजून चाळीस काढून देतो." छोटी पुली म्हणजे सुपरचार्जर अजून जोरात फिरणार, हवा अजून तापणार, आणि तो फिरवायला इंजिनचीच ताकद जाणार. नाकापेक्षा मोती जड. मी त्याच रात्री स्टॉक फाइल परत टाकली.

दुसरा ट्यूनर एकटाच काम करतो, त्याच्याकडे भिंतीवर काहीच नाही. त्याने आधी डायनोचं नावच काढलं नाही, लॉग मागितले, लागोपाठ पाच पुलचे, बॉनेट बंद ठेवून. मग विचारलं पेट्रोल कुठलं भरता, सगळ्यात वाईट दिवशी कुठलं मिळतं. त्याने टायमिंग कमी करणारा टेबल ठेवला, फक्त नवीन तापमानांना जुळेल असा परत आखला. सगळ्यात आवडलेलं म्हणजे पंप आणि पंखे त्याने लवकर चालू होतील असे केले आणि इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं पाणी फिरत राहतं, त्यामुळे पिटमध्ये थांबून परत निघालो की आधीसारखी भाजलेली गाडी मिळत नाही. हवा गार करायला पाणी-मेथॅनॉलचं इंजेक्शन लावू का विचारलं तर म्हणाला, लावा, पण ट्यून त्याच्या भरवशावर करणार नाही, एखाद्या दिवशी नोझल चोंदलं तर पिस्टन तुमचा जाईल. पटलं, नाही लावलं.

त्याचा आकडा पहिल्या पुलला ६०८, पाचव्याला ५८४, एसएई करेक्शन, नॉक नाही. आधीच्या महाशयांची फाइल त्याच डायनोवर, तशीच बॉनेट बंद ठेवून, पाचव्या पुलला ५६१ वर आली होती. म्हणजे ज्या आकड्यावर मी स्टॉक गाडी गार असताना पहिल्या पुलला खूश होतो, तोच आकडा त्या ट्यूनवर तापल्यानंतर, तोही नॉक खात.

किटला साडेतीन, दुसऱ्या ट्यूनला पूर्ण पाच, पहिल्याला स्टार द्यायचेच नाहीत. मोठा पंप आयडलिंगला घूं घूं करतो, रेडिओ बंद असेल तर ऐकू येतो, मला आता सवय झाली. किटमधले क्लॅम्प मात्र पहिल्याच दिवशी फेकून चांगले टाका, माझा एक तिसऱ्या महिन्यात ठिबकायला लागला आणि पाण्याची पातळी खाली गेल्याचं मला गाडीने नाही, आयएटीच्या लॉगने सांगितलं.